शिकता-शिकवता : अरबी शिकायची, पण कोणती?

परीक्षा आटोपल्या, निकालाला अवकाश असला, की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "मोबाईलवर अरबी शिकायला एखादे चांगले ॲप सांगा." प्रश्न एकच असला तरी विचारणारे वेगवेगळे असतात. कधी दहावी दिलेल्या मुलीचे वडील असतात. मुलीने पुढे अरबी विषय घ्यावा, भाषांतराचे काम करावे, असा त्यांचा विचार असतो. कधी आखातात नोकरीला निघालेला तरुण असतो. व्हिसा आलेला असतो आणि हातात दोन महिने असतात. कधी साठी ओलांडलेली एखादी खाला असते. जन्मभर तिलावत केली, आता जे वाचतो ते समजावे, एवढीच तिची इच्छा असते.

या तिघांना आम्ही एकाच ॲपचे नाव सांगितले, तर तिघांना एकाच बाटलीतले औषध दिल्यासारखे होईल. म्हणून आम्ही नाव सांगण्याआधी उलट प्रश्न विचारतो : अरबी कशासाठी शिकायची आहे? काही जणांना हा प्रश्न टाळाटाळ वाटतो. पण वर्षभराची वर्गणी भरून दुसऱ्या महिन्यात बंद पडलेला अभ्यास पाहिला, की बहुतेक वेळा चूक ॲपची नसते. हा पहिला प्रश्नच विचारलेला नसतो.

नाव एक, भाषा दोन

अरबीची एक गोष्ट शिकणाऱ्याला आधीच सांगायला हवी. पुस्तकांची, बातम्यांची, सरकारी कागदांची अरबी वेगळी आणि घरातली, बाजारातली अरबी वेगळी. पहिलीला फुसहा म्हणतात, दुसरीला आम्मिया. एकाच समाजात भाषेची अशी दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात, या स्थितीचे विवेचन चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1959 मध्ये केले, तेव्हा अरबी हेच त्याचे एक मुख्य उदाहरण होते. आपल्याकडेही पुस्तकातली मराठी आणि कोकणातल्या किंवा खानदेशातल्या घरातली बोली यांत फरक आहेच. पण आपल्याकडे प्रमाण मराठी घरात बोलणारी कुटुंबे आहेत. फुसहा मात्र कोणाच्याच घरची मातृभाषा नाही. प्रत्येक अरब मूल ती शाळेत शिकते.

साधी उदाहरणे पाहू. 'कुठे' याला फुसहात 'ऐन', आखातात 'वेन', इजिप्तमध्ये 'फेन'. 'मला हवे' याला फुसहात 'उरीद', आखातात 'अबी' किंवा 'अबग़ा', इजिप्तमध्ये 'आयेज़'. 'आता' याला फुसहात 'अल्-आन', तर आखातात 'अल्-हीन'. पाणी फुसहात 'मा', आखाती घरात 'माय'. आखाती बोलीत आपल्या ओळखीचे शब्दही भेटतात. सरळ जा म्हणताना तिकडे 'सीदा' म्हणतात, तो आपला 'सीधा' आहे. शतकानुशतके मुंबई आणि आखात यांच्यात गलबते ये-जा करत होती, त्या व्यापाराची ही खूण.

आमच्या माहितीतील एक तरुण वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीच्या कामावर आखातात गेला. जाण्याआधी त्याने मोबाईलवर चार महिने मन लावून अरबी केली होती. त्याचे बोलणे तिकडच्यांना कळे, पण त्यांचे त्याला कळत नसे. त्याचा अभ्यास फुसहाचा होता आणि मुकादम बोलत होता आम्मिया. मुलगा हुशार, अभ्यास खरा, पण वाट दुसऱ्या गावाची.

मग कामाला जाणाऱ्याने फक्त बोली शिकावी का? तसेही नाही. कारण त्याच्या हातात येणारा कागद फुसहात असतो. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यानुसार नोकरीचा करार अरबीत असावा लागतो, आणि सोबत दुसऱ्या भाषेतला मजकूर असला तरी वादाच्या वेळी अरबी मजकूर प्रमाण धरला जातो. म्हणजे इंग्रजी प्रतीत काय लिहिले आहे यापेक्षा अरबी प्रतीत काय लिहिले आहे, ते महत्त्वाचे. तेव्हा कानासाठी बोली आणि डोळ्यांसाठी कराराचे पन्नास-साठ फुसहा शब्द, अशी त्याची शिदोरी असावी. 'रातिब' म्हणजे पगार, 'इजाज़ा' म्हणजे रजा, 'साआ' म्हणजे तास, 'शहर' म्हणजे महिना. एवढे शब्द ओळखता आले तरी माणूस निदान योग्य जागी बोट ठेवून "इथे काय लिहिले आहे?" असे विचारू शकतो. मोबाईलचा कॅमेरा धरून भाषांतर करणारी सोय पाट्या वाचायला उत्तम आहे, पण तिच्या भरवशावर सही करू नये. करार जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा.

खालाची गरज याहून वेगळी. तिला कोणाशी बोलायचे नाही. कुरआनात पुन्हा पुन्हा येणारे छोटे शब्द, सर्वनामे आणि क्रियापदांची रूपे समजली, की तिला ओळखीच्या आयतींत अर्थाची वाट सापडू लागते. 'विमानतळ कुठे आहे' शिकवणारे ॲप तिच्या काय कामाचे? आणि विषय म्हणून अरबी घेणाऱ्या मुलीला तर व्याकरण, लेखन, शब्दकोश पाहण्याची सवय हे सगळेच लागणार आहे.

शिकवण्याची भाषा कोणती?

दुसरा प्रश्न आपण विचारतच नाही : हे ॲप आपल्याला अरबी कोणत्या भाषेतून शिकवते? बहुतेक ॲप इंग्रजीतून शिकवतात. मराठी किंवा उर्दू माध्यमाच्या मुलाला मग दोन परक्या भाषा एकदम पेलाव्या लागतात. उत्तर चुकले, तर चूक अरबीची की इंग्रजीची, तेही त्याला कळत नाही.

शिवाय इंग्रजीच्या वाटेने गेल्यावर आपल्या भाषेतली आयती शिदोरी वाया जाते. मराठीत आपण मुलाला 'तू गेलास' म्हणतो आणि मुलीला 'तू गेलीस'. अरबीतही तसेच आहे : मुलाला 'ज़हब्त', मुलीला 'ज़हब्ति'. इंग्रजीत दोघांना एकच रूप. इंग्रजी विद्यार्थ्याला हा भेद मुद्दाम शिकावा लागतो. आपल्या मुलाला तो 'आपल्यासारखेच' एवढे म्हटले की कळतो. शाळेत संस्कृत घेतलेल्या मुलांना द्विवचन ठाऊक असते, तेही अरबीत आहे. एक पुस्तक 'किताब', दोन पुस्तके 'किताबान', अनेक पुस्तके 'कुतुब'.

शब्दांचे तर विचारूच नका. जिल्हा, तालुका, तहसील, वकील, हिशोब, कर्ज, अर्ज, तारीख, रक्कम, हुकूम, दुकान, साबण हे मराठीतले रोजचे शब्द मुळात अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. उर्दू जाणणाऱ्याकडे तर अशा शब्दांची पेटीच आहे. 'किताब, कातिब, मकतूब, मकतब' ही रांग म्हटली, की क-त-ब या तीन अक्षरांतून लिहिण्याशी संबंधित शब्द कसे फुटतात ते समजते. अरबीचे सारे घर अशा तीन अक्षरी मुळांवर उभे आहे. हे रहस्य उर्दूवाल्याला अर्धे आधीच उलगडलेले असते.

पण ओळखीचे शब्द दगाही देतात. आपल्याकडे 'गरीब' म्हणजे निर्धन, अरबीत 'ग़रीब' म्हणजे परका किंवा विचित्र. आपली 'दौलत' म्हणजे संपत्ती, अरबीत 'दौला' म्हणजे राज्य, देश. उर्दूत 'सय्यारा' म्हणजे ग्रह, अरबीत 'सय्यारा' म्हणजे मोटार. 'वज़ीफ़ा' म्हटले की आपल्याला शिष्यवृत्ती आठवते, अरबी जाहिरातीत त्याचा अर्थ नोकरी. 'वकील' पाहून कोर्टातला माणूस समजू नये. तो एजंट किंवा प्रतिनिधी असतो. आणि 'अक़्द' म्हणजे आपल्याकडे निकाह, तिकडे कोणताही करार. कामावर रुजू होताना 'अक़्द' आणा म्हटले तर घाबरून जायला नको! असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहून ठेवावेत, असे आम्ही मुलांना सांगतो.

उच्चाराचेही असेच आहे. आपल्या मुलांना कायदा, नाज़रा झाल्यामुळे अक्षरे येतात. उर्दू बोलताना मात्र आपण सीन, स्वाद आणि से तिन्ही 'स'च म्हणतो. ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ो चारही 'ज़' म्हणतो. अरबीत हे सगळे वेगळे ध्वनी आहेत. 'क़ल्ब' म्हणजे हृदय आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा. म्हणून अक्षरओळखीत दोन महिने घालवणारे ॲप आपल्या मुलांना कंटाळवाणे होते. त्यांना अक्षर नको, कान हवा. डुओलिंगोवर अरबीचा अभ्यासक्रम 2019 मध्ये आला. त्यातही सुरुवातीचा बराच भाग अक्षरांवरच आहे. अक्षरे येत असतील तर चाचणी देऊन तो भाग ओलांडावा. अजिबात अक्षरे न येणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलाला मात्र तोच भाग उपयोगी पडेल.

कोणते साधन कोणत्या कामाचे

शब्द पाठ करणे, कानावर भाषा पडणे, व्याकरण समजणे आणि बोलणे ही चार वेगळी कामे आहेत. एकच साधन चारही कामे चांगली करत नाही.

शब्द पाठ करण्यासाठी कार्डांची पद्धत सर्वांत भरवशाची. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये विसरण्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले आधी झपाट्याने आणि मग हळूहळू विसरते, आणि थोडे थोडे अंतर ठेवून उजळणी केली तर टिकते, हे त्यातून दिसले. अंकी नावाचे सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालते. जो शब्द आला तो चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी विचारते आणि जो चुकला तो लगेच पुन्हा विचारते. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ते फुकट आहे, आयफोनवर मात्र पैसे पडतात.

फोन नसला तरी अडत नाही. झेबास्टियान लाइटनर यांनी 1972 मध्ये हीच पद्धत कागदी कार्डांसाठी मांडली होती. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डे बनवा. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला मराठी किंवा उर्दू. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार दिवसांनी, पुढचे आणखी अंतराने. आले तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले तर पुन्हा पहिल्यात. एका खोक्यात दोन बहिणी सहज शिकतात आणि एकमेकींना विचारतातही. हे शेवटचे काम कोणत्याही ॲपपेक्षा मोलाचे.

कानासाठी लहान मुलांचे कार्यक्रम उत्तम. 'इफ़्तह या सिमसिम' ही 'सेसमी स्ट्रीट'ची अरबी आवृत्ती 1979 मध्ये कुवेतहून सुरू झाली. तिची भाषा जाणीवपूर्वक सोपी फुसहा ठेवलेली होती. स्पेसटून वाहिनीवरची अरबी कार्टूनेही बहुतांशी फुसहात असतात. आखाती बोली हवी असेल तर तिकडच्या कौटुंबिक मालिका पाहाव्यात. बातम्यांपर्यंत पोहोचलेल्यांसाठी अल जझीरा वाहिनीचे अरबी शिकवणारे संकेतस्थळ फुकट आहे. तिथे पायरीनुसार मजकूर आणि सराव मिळतो.

व्याकरणासाठी आम्ही अजूनही पुस्तकच सुचवतो. तामिळनाडूतल्या वाणियंबाडीचे डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांनी मदिना इथल्या इस्लामी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता 'दुरूसुल लुग़तिल अरबिय्या' हे तीन भागांचे पुस्तक तयार केले. जगभर ते 'मदिना बुक्स' म्हणून ओळखले जाते. नियम आधी न सांगता लहान लहान प्रश्नोत्तरांतून तो हातात देणे, ही त्याची पद्धत. उर्दू जाणणाऱ्यांसाठी देवबंदचे मौलाना वहीदुज़्ज़मां कैरानवी यांचे 'अल-क़िराअतुल वाज़िहा' आहे. त्यांचाच 'अल-क़ामूसुल वहीद' हा अरबी-उर्दू कोश घरात असावा असा आहे. अरबी कोश बहुधा मुळांनुसार लावलेले असतात. 'मकतब' शोधायचे तर मीममध्ये नव्हे, काफ-ता-बामध्ये पाहावे लागते. मुलांना ही सवय एकदा लागली, की कोश हाच मास्तर होतो.

कुरआनाचा अर्थ समजून घेणाऱ्यांसाठी 'क़ुरआनिक अरेबिक कॉर्पस' हे फुकट संकेतस्थळ आहे. लीड्स विद्यापीठात तयार झालेल्या या संग्रहात प्रत्येक शब्दाचे मूळ आणि व्याकरण दिलेले असते. ते इंग्रजीत असल्याने घरातल्या कॉलेजच्या मुलीने किंवा सुनेने खालाजवळ बसून उलगडून सांगावे. दोघींचाही अभ्यास होईल. मात्र शब्दाचा अर्थ कळणे आणि तफसीर कळणे यांत अंतर आहे, तिथे आलिमांकडेच जावे.

बोलण्यासाठी माणूस लागतो. ॲप तुमचे वाक्य बरोबर की चूक ते सांगते, पण तुम्ही अडखळलात तर थांबून वाट पाहत नाही. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचे व्यावहारिक अरबीचे एक वर्षाचे प्रमाणपत्र आणि दोन वर्षांची पदविका आहे. संस्थांमार्फत ठिकठिकाणी केंद्रे चालतात, जवळचे केंद्र कोणते याची चौकशी करावी. मुंबई विद्यापीठात अरबीचा विभागही आहे. हे काही नसेल तर मोहल्ल्यात आखातातून परतलेला एखादा चाचा असतोच. आठवड्यातून अर्धा तास त्याच्याशी बोलणे म्हणजे फुकटची शिकवणी. त्यालाही बरे वाटते.

पैसे भरण्याआधी पंधरा दिवस

ज्या ॲपचे पैसे भरायचे आहेत, ते आधी पंधरा दिवस फुकट वापरून पाहावे आणि पाच गोष्टी तपासाव्यात.

एक, शिकवते ती फुसहा की बोली, आणि बोली असेल तर कोणत्या देशाची? हे स्पष्ट लिहिलेले नसेल तर पैसे भरू नयेत.

दोन, आवाज खऱ्या माणसाचा आहे का? 'क़ल्ब' आणि 'कल्ब' डोळे मिटून ऐकावेत. फरक ऐकू येत नसेल तर ते साधन कानाचे नाही.

तीन, अरबी अक्षरांत लिहायला लावते की रोमन लिपीत भागवते? रोमन लिपी सुरुवातीला सोपी वाटते, पण महिनाभरानंतर पायातली बेडी होते.

चार, धडे उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालतात का? गावाकडे नेटवर्क गेले की अभ्यासही गेला, असे होऊ नये.

पाच, फुकट मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जातात का? बहुतेक ठिकाणी कापले जातात. ती तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी आणि यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे'ची यादी तपासावी. "तीस दिवसांत फाडफाड अरबी" म्हणणाऱ्या जाहिरातीला तर आमचा एकच सल्ला : जो तीस दिवस म्हणतो, त्याला भाषा ठाऊक नाही.

सोळाव्या दिवशी एक परीक्षा घ्यावी. फोन बाजूला ठेवून मुलाला पाच अरबी वाक्ये कागदावर लिहायला आणि पाच बोलायला सांगावे. ॲपमधले गुण, तारे, सलग दिवसांची आकडेवारी पाहू नये. गुण ॲपने दिलेले असतात, वाक्ये मुलाने कमावलेली असतात.

फोन कोणाच्या हातात?

शेवटचा मुद्दा ॲपचा नाही, घराचा आहे. अनेक घरांत चांगला फोन एकच असतो. तो दिवसभर अब्बांच्या खिशात, संध्याकाळी भावाच्या हातात, आणि रात्री दहाला, बॅटरी पंधरा टक्के उरलेली असताना, मुलीच्या वाट्याला येतो. मग तिला सांगितले जाते, "फोनवर शिक की, सगळे फुकट आहे." साधन फुकट आहे हे खरे. वेळ मात्र तिला कोणी दिलेला नाही. आमच्या वर्गात भाषेचा कान असलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी या चार भाषांत सहज वावरणाऱ्या. पाचवी भाषा त्यांना जड नाही. भाषांतराचे, शिकवण्याचे काम असे आहे की ते घरात बसूनही करता येते. म्हणून ज्या घरात एकच फोन आहे, तिथे रोजची वीस मिनिटे मुलीच्या नावाने ठरवून द्यावीत, आणि ती दिवसाउजेडी असावीत. मुलाला आखातात पाठवण्यासाठी एजंटाला लाख रुपये मोजणाऱ्या घराला मुलीच्या शब्दकोशाचे काहीशे रुपये जड वाटू नयेत.

वीस मिनिटे म्हणजे वीसच. रविवारी तीन तास आणि बाकी आठवडा सुटी, अशा अभ्यासाने भाषा येत नाही. रोजचे पाच शब्द धरले तरी वर्षाला अठराशेच्या वर शब्द होतात. निम्मे विसरले तरी नऊशे उरतात, आणि नऊशे शब्दांवर माणूस पत्ता विचारू शकतो, पगाराचा हिशोब मांडू शकतो, सोपी गोष्ट वाचू शकतो.

तेव्हा यंदाच्या सुटीत ॲप उतरवून घेण्याआधी घरातल्या सर्वांनी एकदा एकत्र बसावे. एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात : कोणाला शिकायचे आहे, कशासाठी, आणि रोज कोणत्या वेळी. तो कागद भिंतीवर लावावा. कोणते ॲप घ्यायचे ते त्या तीन ओळींवरून ठरवणे मग अवघड जात नाही.